नोटर डेमचा सिझर लिफ्ट अपघात (२०१०): कॅम्पस जॉब करणारी मुलं आणि त्यांचे पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

अमेरिकेत शिकायला गेलेल्या मुलाने फोनवर सांगितलं की "आई, कॅम्पसवरच जॉब मिळाला", की घरी पेढे वाटले जातात, आणि तो जॉब नेमका काय आहे, कुठे उभं राहून करायचा आहे, कुठलं मशीन हातात येणार आहे, हे मात्र कोणी विचारत नाही. खालचे बरेचसे प्रश्न एका जुन्या घटनेबद्दल आहेत कारण त्या घटनेत या विषयाच्या जवळपास सगळ्या बाजू येतात. शेवटचे काही आपल्या मुलांसाठी आहेत. त्या घटनेत गेलेल्या मुलाचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही, शोधणाऱ्याला ते मिळेलच.

नेमकं काय झालं होतं?

इंडियाना राज्यात साऊथ बेंडजवळ नोटर डेम नावाचं नामांकित कॅथलिक विद्यापीठ आहे, अमेरिकन फुटबॉलसाठी देशभर प्रसिद्ध. तिथे २७ ऑक्टोबर २०१०, बुधवारी संध्याकाळी टीमची प्रॅक्टिस मैदानावर चालू होती आणि २० वर्षांचा एक मुलगा, तिथलाच विद्यार्थी, सिझर लिफ्टवर उभा राहून त्या प्रॅक्टिसचं शूटिंग करत होता. लिफ्ट ३९ फुटांपेक्षा वर नेलेली होती, म्हणजे साधारण चौथ्या मजल्याच्या उंचीवर. पाच वाजायच्या सुमारास ५० मैलांच्या वर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या पुढचा झोत आला आणि अख्खी लिफ्ट आडवी झाली, कुंपणावरून बाजूच्या रस्त्यावर जाऊन पडली. हॉस्पिटलमध्ये नेलं पण तो वाचला नाही.

सिझर लिफ्ट म्हणजे आपल्याकडे मॉलमध्ये दिवे बदलायला वापरतात तेच का?

तेच. खाली चाकांचा गाडा, वर कठड्याचा छोटा प्लॅटफॉर्म, मध्ये एकमेकांवर आडव्यातिडव्या बसवलेल्या लोखंडी पट्ट्या, आणि हायड्रॉलिकवर त्या पट्ट्या उघडत जातात तसा माणूस वर जातो. घडी केलेली असताना एकदम भक्कम दिसते. पूर्ण उघडली की मात्र खालचा पाया तेवढाच आणि वजन सगळं वर, त्यात मोकळं मैदान.

पण प्रॅक्टिसचं शूटिंग एवढ्या उंचावरून कशाला?

कारण कोचला एका फ्रेममध्ये दोन्ही बाजूंचे सगळे २२ खेळाडू दिसायला हवे असतात, कोण कुठे धावला, कोणी आपली जागा सोडली, हे खालून दिसत नाही. प्रॅक्टिस संपली की तेच फुटेज बघून चर्चा होते, त्यामुळे शूटिंग हा तिथे रोजच्या कामाचाच भाग, आणि ते करायला पार्ट टाइम विद्यार्थी. त्या दिवशी तो एकटाच लिफ्टवर नव्हता, बाकीच्या लिफ्टवरही त्याच्यासारखीच मुलं होती.

वारा अचानक आला ना? मग यात कोणाची चूक कशी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. विद्यापीठाचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर जॅक स्वारब्रिक त्या दिवशी मैदानावर होते आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्रकारांना साधारण हेच सांगितलं, की हवा तोपर्यंत विशेष वाटण्यासारखी नव्हती आणि मग एकदम मोठा झोत आला. एका माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं म्हणून ते खोटं नाही. पण त्या आठवड्यात अमेरिकेच्या मधल्या भागावरून प्रचंड वादळ चाललं होतं, आदल्याच दिवशी मिनेसोटात कमी दाबाचा विक्रम झाला होता, आणि अपघाताच्या वेळी राष्ट्रीय हवामान खात्याचा वाऱ्याचा इशारा चालू होता. टीमने मंगळवारची प्रॅक्टिस वाऱ्यामुळे आत घेतली होती. म्हणजे वारा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. बुधवारी बाहेर घ्यायचं ठरलं, आणि बाहेर घ्यायचं म्हटल्यावर लिफ्ट वर जाणार हे कोणी वेगळं ठरवावंच लागलं नाही.

किती वाऱ्यापर्यंत लिफ्ट चालवायची असा काही आकडा असतो का?

असतो, आणि तो मशीनच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेला असतो. बाहेर वापरायच्या सिझर लिफ्टसाठी अमेरिकेची कामगार सुरक्षा संस्था ओशा साधारण २८ मैलांच्या आत, म्हणजे ताशी ४५ किलोमीटरच्या आत, असं सांगते. आता गंमत बघा (गंमत हा शब्द इथे शोभत नाही, पण असो), वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की ढकलण्याची ताकद चौपट. म्हणजे २५ मैलांच्या वाऱ्यात जी लिफ्ट फक्त थोडी हलते तिच्यावर ५० मैलांत चारपट जोर बसतो. "जरा जास्त वारा आहे" असं आपण म्हणतो तेव्हा हे चौपट आपल्या डोक्यात नसतं. आणि पाहायचा असतो झोताचा वेग, सरासरीचा नाही, कारण लिफ्ट सरासरीने पडत नाही, एका झोताने पडते.

त्या मुलाला भीती वाटत होती म्हणतात, मग तो खाली का उतरला नाही?

वाटत होती. कामाला जायच्या आधी आणि वर गेल्यावरही त्याने ट्विटरवर तसं लिहिलं होतं, थट्टेच्या सुरात, वय वर्षं वीस असताना माणूस भीतीबद्दल जसं लिहितो तसं. नंतर ते ट्विट जगभर फिरले आणि लोकांनी हाच प्रश्न विचारला.

माझं मत विचाराल तर हा प्रश्नच उलट्या टोकाने धरलेला आहे. खाली देशातला एक नामवंत कोच उभा आहे, शंभरेक खेळाडू आहेत, डायरेक्टर स्वतः मैदानावर आहेत, सगळी यंत्रणा चालू आहे, शनिवारी मॅच आहे. आणि वरती तासावर पैसे घेणारा एक पोरगा, ज्याला ही नोकरी मनापासून आवडते. त्याने हात वर करून म्हणायचं की थांबवा? आपल्याकडे साध्या गॅदरिंगला मांडवाच्या बांबूवर चढवलेला पोरगा "सर, हलतंय" म्हणायला दहा वेळा विचार करतो. शिवाय शेजारच्या लिफ्टवरचेही वरच आहेत, खालच्या मोठ्या माणसांपैकी कोणी काही बोलत नाही, म्हणजे ठीकच असणार, असं वाटणं अगदी साहजिक आहे. खालच्यांना वाटतं वरच्याला त्रास झाला तर तो सांगेल. वरच्याला वाटतं धोका असता तर खालच्यांनी उतरवलं असतं. या दोन समजुतींच्या मध्ये वाऱ्याचा आकडा बघून लिफ्ट उतरवायला लावणारा एक नेमलेला माणूस हवा होता. तो नेमणं हे विद्यापीठाचं काम, पोराचं नाही.

चौकशीत काय निघालं?

इंडियानामध्ये केंद्राच्या ओशाऐवजी राज्याची स्वतःची यंत्रणा आहे, तिला लोक इंडियाना ओशाच म्हणतात. तिने मार्च २०११ मध्ये निकाल दिला. सहा उल्लंघनं, एकूण दंड ७७,५०० डॉलर. त्यातलं सगळ्यात जड, एकट्याचा दंड ५५,००० डॉलर, ते 'जाणूनबुजून' या वर्गातलं होतं. थोडक्यात असं की हवामान खात्याचा इशारा चालू असताना, वारा मशीन बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेच्या पुढे असताना, ट्रेनिंग न दिलेल्या विद्यार्थ्यांना लिफ्टवर पाठवलं.

बाकीची पाच ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणजे लिफ्टची ठरलेली तपासणी वेळेवर न होणं, मॅन्युअल जागेवर नसणं, इशाऱ्याची लेबलं वाचता न येण्यासारखी होणं, या जातीची. पण जरा डोळ्यासमोर आणा. मुलगा लिफ्टमध्ये चढतो. वाऱ्याचा आकडा ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक तिथे नाही. आकडा ज्या स्टिकरवर असायला हवा तो उन्हापावसाने उडालाय. आकडा ज्या ट्रेनिंगमध्ये सांगतात ते झालेलं नाही. मग त्याला कळणार कुठून? किरकोळ म्हणून सोडून दिलेल्या या गोष्टींनी मिळून त्याच्यापर्यंत माहिती पोचायचे सगळे रस्ते बंद केले होते.

एका जिवाची किंमत ७७,५०० डॉलर?

त्या वेळच्या हिशोबाने पस्तीस लाख रुपयांच्या आसपास, आणि राग येणं साहजिक आहे. पण ओशाचा दंड म्हणजे नुकसानभरपाई नव्हे, तो नियम मोडल्याचा दंड असतो, घरच्यांना त्यातला एक पैसाही मिळत नाही. आणि तोही शेवटी कमी झाला. जुलै २०११ मध्ये समझोता होऊन ४२,००० डॉलरवर आला. त्या बदल्यात विद्यापीठाने सिझर लिफ्टच्या धोक्याबद्दल देशभरातल्या शाळा-कॉलेजांसाठी जागृती मोहीम चालवायची, आणि त्या मुलाच्या स्मृतीसाठी मुलांच्या शिक्षणाचं काम करणाऱ्या संस्थेला देणगी द्यायची असं ठरलं. मला स्वतःला हा सौदा पूर्ण पटत नाही, कारण फुटबॉलवर एवढी कमाई असलेल्या ठिकाणी आकडा बघून कोणाची झोप उडत नाही, पण मोहिमेचा भाग कामाचा होता हे मान्य करायला हवं.

विद्यापीठाने माफी मागितली का?

हो, आणि चौकशी पूर्ण व्हायच्या खूप आधी. अपघाताला दहा दिवसही झाले नव्हते तेव्हा अध्यक्ष फादर जॉन जेन्किन्स यांनी सगळ्या विद्यापीठाला पत्र पाठवलं, की तो मुलगा आमच्या हवाली केलेला होता, त्याला सुरक्षित ठेवण्यात आम्ही कमी पडलो, आणि शेवटी अध्यक्ष म्हणून मी जबाबदार आहे. वकिलांच्या सल्ल्याने चालणारी संस्था सहसा असं लिहीत नाही, "दुर्दैवी घटना", "आम्ही तपासाला सहकार्य करत आहोत" असं लिहिते. आपल्याकडची "विद्यार्थ्याने स्वतःच काळजी घेतली नाही" छापाची पत्रकं आठवा, मग या पत्राचं वजन कळेल. विद्यापीठाने स्वतःचा अहवाल एप्रिल २०११ मध्ये जाहीर केला, तो तपासून घेण्यासाठी अ‍ॅरिझोना विद्यापीठाचे माजी अध्यक्ष, स्वतः इंजिनिअर असलेले पीटर लिकिन्स यांना बाहेरून बोलावलं होतं. त्यात सूर असा की कुठल्याही एका माणसाच्या बेपर्वाईने हे झालं नाही, अनेक गोष्टी मिळून झालं.

म्हणजे कोणाचीच नोकरी गेली नाही?

नाही. कोच ब्रायन केली २०२१ पर्यंत तिथेच होते.

हे बरोबर आहे का पण?

दोन्ही बाजूंनी बोलता येतं. एका खालच्या माणसाला काढून बाकीच्यांनी हात झटकणं ही तर आपली आवडती पद्धत, पूल पडला की ज्युनिअर इंजिनिअर सस्पेंड. ते इथे झालं नाही हे बरंच. पण "सगळे जबाबदार" याचा अर्थ "कोणीच जबाबदार नाही" असा लागायला वेळ लागत नाही, आणि अध्यक्षांनी स्वतःवर जबाबदारी घेतल्यावर प्रत्यक्ष त्यांना त्याची काय किंमत मोजावी लागली, हा प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला, आजही विचारण्यासारखा आहे. त्या शनिवारची टल्सा विद्यापीठाविरुद्धची मॅच ठरल्याप्रमाणे झाली, खेळाडूंनी हेल्मेटवर त्याच्या आठवणीचं स्टिकर लावलं होतं.

घरच्यांनी केस का केली नाही?

तो त्यांचा निर्णय, आपण त्यावर बोलू नये. कायद्याचा भाग मात्र माहीत असावा. अमेरिकेत कामावर असताना काही झालं तर 'वर्कर्स कॉम्पेन्सेशन' नावाचा विमा लागू होतो, त्यात चूक कोणाची हे बघत नाहीत, पैसे मिळतात, पण त्याच्या बदल्यात मालकावर कोर्टात दावा लावायचा हक्क बहुतेक वेळा जातो. आणि मृत्यू झाला तर मोठी रक्कम अवलंबून असणाऱ्यांना, म्हणजे बायको-मुलांना मिळते. वीस वर्षांच्या मुलावर कोण अवलंबून असणार? आईवडीलच उलट त्याची फी भरत असतात. त्यामुळे विद्यार्थी कामगाराच्या बाबतीत ही व्यवस्था कागदावर आहे त्यापेक्षा हाताला फार कमी लागते.

अपघातानंतर काय बदललं?

नोटर डेमने लिफ्टवरून शूटिंग बंदच केलं आणि खांबांवर रिमोटने फिरणारे कॅमेरे बसवले. माणूस खाली, कॅमेरा वर. हे तंत्रज्ञान तेव्हा नवीन नव्हतं, फक्त लिफ्ट आणि पोरगा स्वस्त पडत होते. बाकीच्या विद्यापीठांनीही आपापले नियम काढून बघितले. ओशाच्या सिझर लिफ्टवरच्या सूचनापत्रकात हा अपघात नाव न घेता उदाहरण म्हणून दिलेला आहे, त्यात वाऱ्याबरोबर लिफ्ट कुठे आणि कशी उभी केली होती हेही कारण म्हणून सांगितलंय.

माझी मुलगी लॅबमध्ये आहे, मैदानावर नाही. तिला हे लागू आहे का?

तिला जास्तच. इथे एक भयानक फट आहे ती नीट समजून घ्या. नोटर डेमचा मुलगा पगारावर होता, म्हणून ओशा आत येऊ शकली. एप्रिल २०११ मध्ये येल विद्यापीठात रात्री मशीन शॉपमध्ये लेथवर (धातू किंवा लाकूड गरगर फिरवून त्याला आकार देणारं यंत्र) काम करताना एका विद्यार्थिनीचे केस लेथमध्ये अडकले आणि ती गेली, डिग्री मिळायला थोडेच आठवडे राहिले होते. ओशाने पाहणी केली, लेथला पुरेसं संरक्षण नव्हतं वगैरे त्रुटी पत्राने कळवल्या (येलने त्या नाकारल्या), पण दंड करता आला नाही, कारण ती स्वतःच्या प्रोजेक्टवर काम करत होती, विद्यापीठाची कर्मचारी नव्हती. लेथला काय फरक पडतो ती पगार घेते की फी भरते?

उलट उदाहरण लॉस एंजेलिसच्या यूसीएलएचं. तिथे डिसेंबर २००८ मध्ये हवेत आपोआप पेटणारं रसायन हाताळताना २३ वर्षांची रिसर्च असिस्टंट भाजली, लॅब कोट घातलेला नव्हता, अठरा दिवसांनी गेली. ती पगारी होती, म्हणून आधी दंड झाला आणि २०११ मध्ये प्राध्यापक आणि विद्यापीठ दोघांवर फौजदारी आरोप लागले. विद्यापीठाने जबाबदारी मान्य करून तिच्या नावाने पाच लाख डॉलरची स्कॉलरशिप दिली, प्राध्यापकांचं प्रकरण समाजसेवा आणि दहा हजार डॉलर भरण्यावर मिटलं. तेव्हा मुलीला एवढं नक्की विचारा की तुला पैसे पगार म्हणून मिळतात, फेलोशिप म्हणून मिळतात, की नुसते क्रेडिट, म्हणजे डिग्रीत धरले जाणारे गुण.

सगळ्या विद्यापीठांना ओशा लागू असते ना?

नाही, आणि हे बहुतेकांना माहीतच नसतं. केंद्राची ओशा खाजगी संस्थांना लागू आहे, राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना नाही. ज्या राज्यांनी स्वतःची यंत्रणा उभारलीय तिथे सरकारी विद्यापीठंही त्यात येतात, उदाहरणार्थ इंडियाना (म्हणून तिथलं सरकारी पर्ड्यू विद्यापीठ येतं) आणि कॅलिफोर्निया. टेक्सस आणि फ्लोरिडामध्ये तशी यंत्रणा नाही, त्यामुळे तिथल्या सरकारी विद्यापीठात काम करणारा पोरगा ओशाच्या कक्षेबाहेर. विद्यापीठाचे स्वतःचे सुरक्षा नियम आणि ऑफिस असतंच, पण बाहेरून येऊन दंड करणारा कोणी नाही.

आपल्याकडच्या कमवा व शिका योजनेचं काय?

कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही कल्पना महाराष्ट्रात रुजवली, साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ मध्ये त्याच तत्त्वावर उभं राहिलं, आणि आज विद्यापीठांमध्ये हजारो गरीब घरची मुलं तासावर पैसे घेऊन बागेत, लायब्ररीत, ऑफिसात काम करून शिकतायत. योजनेबद्दल आदरच आहे. पण झाडाच्या फांद्या तोडायला शिडीवर चढवताना, गच्चीवरची टाकी साफ करायला पाठवताना, गवत कापायचं मशीन हातात देताना ट्रेनिंग कोणी दिलं, विमा आहे का, तो कामाच्या वेळेला लागू होतो की फक्त नावाला आहे, हे कॉलेजला लेखी विचारायला काहीच हरकत नाही. "आमच्याकडे आजवर काही झालेलं नाही" हे उत्तर धरू नका.

काम धोक्याचं वाटलं आणि नाही म्हटलं तर व्हिसा जाईल का?

एफ-१ व्हिसा तुम्ही फुल टाइम शिकताय यावर टिकतो, कॅम्पसवरच्या वीस तासांच्या जॉबवर नाही. जॉब गेला तर पैशाची ओढाताण होईल, स्टेटस जाणार नाही. (टीएशिप-आरएशिपवर, म्हणजे शिकवण्यात किंवा संशोधनात प्राध्यापकांना मदत करण्याच्या कामावर, फी माफ असेल तर गणित वेगळं, तिथे आधी डिपार्टमेंटशी आणि इंटरनॅशनल ऑफिसशी बोला.) जिथे ओशा लागू आहे तिथे जिवाला खराखुरा धोका असताना, सुपरवायझरला सांगूनही तो दुरुस्त करत नसेल आणि तपासणीची वाट बघायला वेळ नसेल तर काम नाकारायचा हक्क आहे. त्याबद्दल सूड उगवला तर केंद्राच्या ओशाकडे तक्रार करायला फक्त ३० दिवस मिळतात, त्यामुळे सेमिस्टर संपल्यावर बघू असं करू नका. आणि नाही म्हणताना ईमेल टाका. दोन ओळी पुरतात: आज वारा इतका आहे, मॅन्युअलची मर्यादा इतकी आहे, मी वर जात नाही, खालून शूट करतो.

रुजू होताना काय विचारायचं?

लाजू नका, तुमच्याआधी कोणी विचारलं नसेल तरी. हे मशीन मला कोण शिकवणार आणि त्याची नोंद कुठे होणार, याचं मॅन्युअल कुठे ठेवलंय, काम थांबवायचा अधिकार कोणाकडे आहे आणि तो माणूस त्या वेळी जागेवर असतो का. या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा अडखळला तर समजून जा.

छोटीशी दुखापत झाली, हेल्थ इन्शुरन्स आहेच, मग कळवायची काय गरज?

गरज आहे. कामावर लागलं तर खर्च मालकाच्या वर्कर्स कॉम्पमधून व्हायला हवा, तुमच्या स्टुडंट इन्शुरन्समधून नाही, आणि नंतर हात आखडला, पाठ धरली, तर "हे कामावर झालं होतं" हे दाखवायला त्याच दिवसाची नोंद लागते. सुपरवायझरला लगेच लेखी कळवा, डॉक्टरकडे गेल्यावर पहिल्या वाक्यात सांगा की हे कामावर झालंय, फॉर्मची कॉपी स्वतःकडे ठेवा, आणि जागेचा फोटो मशीन कोणी हलवायच्या आत काढा.